जीटीए सिक्सची भिशी: साखळीतल्या पाच जणांचं एक प्रकरण

भिशीची वही माझ्याकडे आहे, कोण कधी काय बोललं तेही अजून डोक्यात ताजं आहे, म्हणून हे आत्ताच लिहून ठेवतोय, वर्षभराने लिहायला बसलो तर अर्धं विसरलेलं असेल आणि उरलेल्या अर्ध्यावर वाद होईल.

आधी थोडक्यात सांगतो. गोव्यातल्या साखळी गावातले आम्ही पाच जण जीटीए सिक्स, म्हणजे रॉकस्टार कंपनीच्या ग्रँड थेफ्ट ऑटो या व्हिडिओ गेमचा सहावा भाग, येणार म्हणून जानेवारी 2024 पासून दर महिन्याला माणशी 500 रुपये काढत होतो, पीएस फाइव्ह घ्यायला, म्हणजे तो गेम ज्यावर चालतो ते प्लेस्टेशनचं मशीन. गेमची तारीख दोनदा पुढे गेली. पहिल्या वेळी एक जण भिशीतून बाहेर पडला, दुसऱ्या वेळी एकाची वर्षभराची जुळवाजुळव पाण्यात गेली, आणि मधल्या काळात दोघांनी तीन आठवडे एकमेकांशी बोलणं टाकलं. नावं घालत नाही, साखळी केवढीशी, सगळे सगळ्यांना ओळखतात. मी कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान चालवतो, हिशोब माझ्याकडे. बाकीचे म्हणजे मास्तर, प्राथमिक शाळेत शिकवतो; गॅरेजवाला; शिपवाला, क्रूझवर किचनमध्ये आहे; आणि धाकटा, मास्तरचा मावसभाऊ, एकवीस वर्षांचा, इंजिनिअरिंगला. आम्ही चौघं पस्तिशीला टेकलेले.

हे चौघं विरुद्ध एक असं वय आहे ना, प्रकरणाचं मूळ तिथेच आहे, पण ते मला फार उशिरा कळलं.

आम्ही नववीत होतो तेव्हा, म्हणजे 2004-05 ला, बाजारात एक सायबर कॅफे होता, तासाला वीस रुपये. सहा मशीन, त्यातल्या दोनवर व्हाइस सिटी, जीटीएचाच एक जुना भाग. चौघांचे पाच-पाच रुपये घालून एक तास मिळायचा. एक खुर्ची, एक स्टूल, दोघं मागे उभे. गॅरेजवाला गाडी चालवणार, शिपवाला मॅप बघून डावीकडे घे उजवीकडे घे सांगणार, मास्तरचं इंग्लिश बरं म्हणून चीट कोडचं स्पेलिंग तो सांगणार आणि मी घड्याळ बघणार. चीट कोडची एक ऐंशी पानी वही होती, मास्तरच्या अक्षरात, मागच्या बाजूने गणिताची प्रमेयं आणि पुढच्या बाजूने पँझर, अ‍ॅस्पिरिन, लीव्ह मी अलोन. पँझर टाइप केलं की समोर रणगाडा, लीव्ह मी अलोन टाइप केलं की मागे लागलेले पोलीस गायब. ती वही अजून आहे, तिचा विषय पुढे येईल.

आणि ते रिमोटच्या हेलिकॉप्टरचं मिशन. ज्यांनी व्हाइस सिटी खेळलीय त्यांना नुसतं एवढं म्हटलं तरी पुरे. खेळण्यातलं हेलिकॉप्टर उडवत अर्धवट बांधलेल्या बिल्डिंगच्या मजल्यांवर चार बॉम्ब ठेवायचे, वर घड्याळ चालू, मजूर आणि गार्ड मारायला धावतात. पीसीवर वर-खाली जायची बटणं डावीकडे अक्षरांत आणि पुढे-मागे झुकवायची उजवीकडे आकड्यांत, गॅरेजवाल्याला दोन्ही एकदम जमेना, म्हणून शेवटी त्याचे हात अक्षरांवर आणि शिपवाल्याचे आकड्यांवर, दोघं एका कीबोर्डवर खांद्याला खांदा लावून बसलेले, आणि मास्तर मागून ओरडतोय वर वर वर. चौथा बॉम्ब ठेवला त्या दिवशी कॅफेवाल्याने दहा मिनिटं फुकट दिली. माझ्या लेखी जीटीए म्हणजे ही दुपार. मी हे मुद्दाम एवढं लांब सांगतोय, कारण भिशी खरं तर या दुपारसाठी चालू झाली होती आणि त्या वेळी तसं कुणी बोललं नाही.

आता पाचवा भाग आमच्या हातून कसा सुटला ते. जीटीए फाइव्ह आला 17 सप्टेंबर 2013 ला, आणि त्याच्या बरोबर एक वर्ष आधी, सप्टेंबर 2012 मध्ये, गोव्यातल्या खाणी बंद झाल्या होत्या. डिचोली-साखळी भागात त्याचा अर्थ काय होता ते बाहेरच्यांना सांगून समजत नाही. गॅरेजवाल्याच्या घरचे दोन ट्रक अंगणात उभे होते, टायरमधून गवत आलेलं, बँकेचा हप्ता मात्र चालूच. शिपवाल्याचे वडील खाणीवर मशीन ऑपरेटर, त्यांचं काम गेलं म्हणून तर हा हॉटेल मॅनेजमेंटचा सहा महिन्यांचा कोर्स करून बोटीवर चढला. त्या वर्षी प्लेस्टेशन हा शब्द काढायची कुणाची टाप नव्हती. पीसीवर फाइव्ह एप्रिल 2015 मध्ये आला तोवर आमचा ग्रुप पांगलेला. म्हणजे जगात वीस कोटींच्या वर कॉपी खपलेला गेम आम्ही चौघांनी धड खेळलेलाच नाही. धाकट्याने मात्र खेळलाय, पीसीवर, शेकडो तास, ऑनलाइन, त्याचे तिथले दोस्त पंजाबातले आणि केरळातले. त्याला व्हाइस सिटी म्हणजे जुनाट ग्राफिक्स.

सिक्स बनतोय हे कंपनीने फेब्रुवारी 2022 मध्ये मान्य केलं, आणि त्याच सप्टेंबरात नव्वदेक व्हिडिओ लीक झाले, अर्धवट बनवलेल्या गेमचे. धाकट्याने ते सगळे बघितले, मास्तरला दाखवायला गेला तर मास्तरने फोन उलटा करून टेबलावर ठेवला. म्हणाला, माटोळी (गणपतीवर टांगायची फळा-पानांची आरास) बांधून व्हायच्या आधी मखर बघायला कोण येतो रे? मला वाटतं दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. धाकट्याला गेम कसा बनतो त्यात रस आहे, मास्तरला तयार गोष्ट एकदम बघायचीय.

पहिली ठिणगी पडली ती ट्रेलरवरून. पहिला ट्रेलर 5 डिसेंबर 2023 ला येणार होता, आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला. मी दुकानात प्रोजेक्टर लावून ठेवला, भिंतीवरचं कॅलेंडर काढून पांढरा पडदा ठोकला, मिरची भजी सांगून ठेवली, शिपवाला सुट्टीवर होता म्हणून तोही येणार, म्हणजे वीस वर्षांनी चौघं एका स्क्रीनसमोर. आणि झालं काय, ट्रेलर आदल्या रात्रीच तिकडे लीक झाला, मग कंपनीनेच तो लगेच टाकून दिला, आपल्याकडे तेव्हा पहाट. धाकटा जागा होता. त्याने बघितला आणि उत्साहाच्या भरात आमच्या ग्रुपवर लिंक टाकली, खाली चार ओळी, हिरॉइनचं नाव लुसिया, गाव परत व्हाइस सिटी, समुद्र असा दिसतो तसा दिसतो. मास्तर सकाळी शाळेत जाता जाता ते वाचून बसला. संध्याकाळी आम्ही बघितला खरा, भिंतीवर मोठा दिसला, पण मास्तर पूर्ण वेळ गप्प. एका दिवसात नऊ कोटींवर लोकांनी तो बघितला, आणि त्यातला एक माणूस माझ्या दुकानात स्टुलावर बसून भजी न खाता घरी गेला.

त्या ट्रेलरच्या शेवटी लिहिलं होतं 2025. त्यावरून भिशी.

नियम मी लिहिले. पाच जण, माणशी 500, महिन्याचे 2500. डिस्कवाला पीएस फाइव्ह तेव्हा 54,990 ला, बिनडिस्कचा 44,990 ला. गॅरेजवाला म्हणाला डिस्कवालाच घ्यायचा, कारण खेळून झालं की डिस्क विकता येते, हे सगळ्यांना पटलं. म्हणजे 24 महिन्यांत 60,000, डिसेंबर 2025 पर्यंत मशीन आणि गेम दोन्ही. तिसरा नियम मी असा लिहिला: गेम रिलीज झाल्याशिवाय पैशाला हात लावायचा नाही. हा नियम चुकीचा होता आणि तो माझा होता. आमच्या पैशाची किल्ली मी अशा कंपनीच्या हातात दिली जिला साखळी कुठे आहे ते माहीत नाही.

माझ्यासारखा माणूस, जो दुकानात गिऱ्हाइकाला पार्ट कधी येणार ते सांगताना दहा वेळा विचार करतो, त्याने तरी आधी इतिहास बघायला हवा होता. मी बघितला नंतर. जीटीए फोर ऑक्टोबर 2007 मध्ये यायचा होता, आला 29 एप्रिल 2008 ला. फाइव्ह 2013 च्या वसंतात म्हणाले, आला सप्टेंबरात. त्याच कंपनीचा रेड डेड रिडेम्प्शन टू 2017 वरून 2018 च्या वसंतावर आणि तिथून 26 ऑक्टोबर 2018 वर गेला, म्हणजे दोनदा, अगदी सिक्ससारखाच. यांच्या पहिल्या तारखेला साखरपुडा समजायचं, लग्न नाही. हे मी भिशीच्या आधी वाचलं असतं तर तिसरा नियम लिहिलाच नसता.

2 मे 2025 ला पहिली बातमी आली, गेम आता 26 मे 2026 ला. चारच दिवसांत काही न सांगता दुसरा ट्रेलर टाकला, त्यात हिरो जेसन छपरावर काम करतोय, बेटं दिसतात, लिओनिडा नावाचं अख्खं राज्य दिसतं, फ्लोरिडावर बेतलेलं. जगभरचे लोक राग विसरले. आमच्याकडे उलट झालं. तेव्हा भिशीत 42,500 होते, 17 महिन्यांचे. गॅरेजवाला म्हणाला, गेम आला नाही तर नाही, आपण आत्ता थोडे जास्तीचे घालून मशीन आणूया आणि फाइव्ह खेळूया, आपण तो खेळलोच नाही. धाकटा म्हणाला फाइव्ह माझा खेळून झालाय आणि सिक्स आत्ता फक्त पीएस फाइव्ह आणि एक्सबॉक्सवर सांगितलाय, पीसीवर मागून येईलच, तिसऱ्या भागापासून प्रत्येक वेळी मागूनच आलाय, त्यापेक्षा मी माझे पैसे काढून ग्राफिक्स कार्डला लावतो. मास्तर म्हणाला तूच तर सगळ्यात मोठा फॅन म्हणवतोस ना, वर्षभर थांबवत नाही? धाकटा उसळला, म्हणाला, तुम्हाला गेम नकोय दादा, तुम्हाला नववी परत पाहिजे.

दुकानात एकदम शांतता. मास्तर उठून गेला. तीन आठवडे दोघं बोलले नाहीत, मावशीच्या घरी सत्यनारायण होता तिथेसुद्धा एक ओट्यावर आणि एक मागच्या दारी.

मी नियमाचा कागद पुढे केला. गॅरेजवाल्याला नाही म्हटलं, धाकट्याला त्याचे 8,500 मोजून दिले, वहीत सही घेतली. मला तेव्हा वाटलं मी निःपक्षपाती वागलो. आज वाटतं की मी फक्त कागद वाचला, माणसं वाचली नाहीत. धाकटा जे बोलला ते टोचणारं होतं पण खरं होतं. आम्ही पाचही जण जीटीएची वाट बघतोय असं म्हणायचो आणि प्रत्येक जण दुसऱ्याच कशाची तरी वाट बघत होता. धाकट्याला नवा गेम हवा होता, नवं इंजिन, नवी गर्दी, पाण्याचं वागणं, तो ट्रेलर थांबवून थांबवून बघायचा. मास्तरला एका कीबोर्डवर चार हात हवे होते. गॅरेजवाल्याला 2013 मध्ये जे घेता आलं नाही ते विकत घ्यायचं होतं, कुठला भाग आहे त्याने त्याला फरक पडत नव्हता. मला, खरं सांगतो, हिशोब जुळलेला हवा होता. आणि शिपवाल्याला घरी असायचं होतं.

शिपवाल्याचं जरा सविस्तर सांगावं लागेल. त्याचं कॉन्ट्रॅक्ट आठ महिन्यांचं, मग दोन-अडीच महिने घरी, आणि घरी असताना पगार नाही. 2025 मध्ये त्याला जुलैलाच बोलावलं होतं. त्याने 26 मे ही तारीख धरून उलटा हिशोब मांडला, चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, घरी करून सप्टेंबरात साईन ऑन केलं की मेच्या मध्याला साईन ऑफ, म्हणजे गेम यायच्या दहा दिवस आधी साखळीत. त्यासाठी एजंटला विनवण्या केल्या आणि जवळजवळ दोन महिन्यांच्या पगारावर पाणी सोडलं. वहिनीला त्याने कारण चवथ सांगितलं, तेही खोटं नव्हतं, आरतीला घुमट वाजवायला तो होताच. पण मला माहीत होतं.

आणि त्याची बोट सुटते कुठून, तर मायामीहून. व्हाइस सिटी म्हणजे मायामीच, पूर्वीचीही आणि आत्ताचीही. प्रवासी बदलायच्या दिवशी क्रूला दोन-तीन तास मिळाले तर तो ओशन ड्राइव्हला जातो आणि व्हिडिओ पाठवतो, ती जुन्या वळणाची गुलाबी-पिवळी हॉटेलं, निऑनच्या पाट्या, समोर नारळासारखी झाडं. ऑक्टोबरात एक व्हिडिओ आला होता, त्यात तो चालता चालता बोलतोय, अरे इथे डावीकडे वळलो की आपलं हॉटेल यायला हवं, जिथे व्हाइस सिटीतला हिरो टॉमी गेम सेव्ह करायचा, आणि खरंच वळतो, आणि तिथे एक औषधांचं दुकान. तो व्हिडिओ मास्तरने किती वेळा बघितला असेल देव जाणे.

7 नोव्हेंबरला आपल्याकडे लोक झोपेत असताना दुसरी बातमी आली. गेम आता 19 नोव्हेंबर 2026. एवढी वाट बघायला लावतोय त्याबद्दल माफी, आणखी सफाईला वेळ हवा, असं कंपनीचं म्हणणं. मी सकाळी दुकान उघडायच्या आधी वाचलं आणि पहिला विचार शिपवाल्याचा. मेमध्ये येणार, ऑगस्टपर्यंत परत चढणार, मग 2027 च्या मार्च-एप्रिलपर्यंत समुद्रात. गेम येईल तेव्हा तो नसणार. त्याचा मेसेज दुपारी आला, बोटीवरचं नेट महाग म्हणून तो एरवी दोन शब्दांत उरकतो, या वेळी व्हॉइस नोट होती, मागे भांड्यांचा आवाज. कितें रे हें, म्हणाला, मी दोन महिने पगाराशिवाय घरी बसलो. मग थोडा थांबून म्हणाला, ठीक आहे, घाईत काहीतरी अर्धवट आणण्यापेक्षा बरं.

हे त्याने म्हणावं याचं मला आश्चर्य वाटलं नाही. तो रोज बारा तास उभा राहून काम करतो. 2018 मध्ये रेड डेडच्या वेळी तिथल्या कामगारांच्या तासांवरून केवढा गदारोळ झाला होता ते त्यानेच मला पाठवलं होतं. यांचं एक मोठं ऑफिस बंगळूरलाही आहे, म्हणजे त्यात आपल्याकडची पोरंही रात्र रात्र बसत असणार. मीही याच मताचा आहे, तारीख पुढे गेली म्हणून शिव्या घालणं मला पटत नाही. आमचं नुकसान तारखेने नाही केलं, तारखेला सगळं बांधून ठेवल्याने केलं.

त्या रविवारी आम्ही तिघं बसलो, मी, मास्तर आणि गॅरेजवाला. मी स्वतःहून तिसरा नियम खोडला. मशीन आता घ्यायचं, पैसे पुरे झाले की लगेच, गेमचा संबंध नाही. मग मुख्य प्रश्न, ठेवायचं कुणाकडे. हा प्रश्न दोन वर्षांत कुणी काढलाच नव्हता, म्हणजे बघा. मास्तरच्या घरी मुलांच्या परीक्षा, गॅरेजवाल्याकडे पावसात लाईट जाते आणि व्होल्टेज कसंही येतं, माझ्या घरी टीव्हीसमोर आई. शेवटी दुकानाच्या मागची खोली, तिथे यूपीएस आहे.

जानेवारी 2026 ला हिशोब केला. धाकटा गेल्यावर उरलेले 34,000, त्यावर आठ महिने चौघांचे 2000 प्रमाणे 16,000, झाले 50,000. शिपवाल्याचे तिकडूनही न चुकता येत होते, पहिल्या तारखेला. 4,990 कमी. म्हटलं दोन-अडीच महिने अजून. मी ग्रुपवर फक्त आकडा टाकला, मागितलं काही नाही. संध्याकाळी धाकटा दुकानात आला, काउंटरवर 5,000 ठेवले, म्हणाला कार्ड घेतलंच नाही, किंमत माझ्या आवाक्याबाहेर गेली. मी विचारलं परत भिशीत येतोस का. तो म्हणाला भिशीबिशी नको, पण मशीन लावून द्यायला मी येणार, तुम्ही लोक सेटिंग बिघडवाल.

55,000 मधून 54,990 गेले. उरलेले दहा रुपये वहीत पानाला लावून ठेवलेत.

मशीन आणलं त्या रात्री धाकट्यानेच जोडलं. मास्तर दारात उभा होता, आत यावं की नाही अशा बेताने, हातात ती ऐंशी पानी वही. धाकट्याने वर न बघता विचारलं, दादा, जीटीए सॅन अँड्रियासवाला तो पैशाचा कोड काय होता? मास्तर म्हणाला हेसोयाम, आणि एक एक अक्षर सोडून स्पेलिंग सांगितलं, वही न उघडता. तो कोड त्या मशीनवर चालणार नव्हता हे धाकट्याला पक्कं माहीत होतं. मी मध्ये काही बोललो नाही.

गॅरेजवाल्याने स्वतःच्या पैशाने फाइव्हची डिस्क आणलीय, रविवारी रात्री तो खेळतो, आम्ही बघतो, मॅप धाकटा सांगतो. तेरा वर्षं उशिरा पण तो माणूस त्या खोलीत बसलेला बघितला की बरं वाटतं.

19 नोव्हेंबरचं काय करायचं यावर अजून एकमत नाही. तो गुरुवार आहे, त्याच्या पाच दिवसांनी त्रिपुरारी, विठ्ठलापूरला होड्या, म्हणजे अख्खी साखळी रस्त्यावर असणार. मास्तरचं म्हणणं शिपवाला येईपर्यंत डिस्क फोडायचीच नाही. धाकटा म्हणतो ते अशक्य आहे, दोन दिवसांत सगळी गोष्ट फोनवर येऊन पडेल, आणि तो थांबणार नाही, त्याने थांबावं असं मलाही वाटत नाही. शिपवाल्याला विचारलं तर म्हणाला तुम्ही खेळा, माझं वेगळं ठेवा, मी आलो की पहिल्यापासून खेळेन आणि तेव्हा कुणी तोंड उघडायचं नाही. यावर मास्तरने, पहिलं मिशन तरी व्हिडिओ कॉल लावून, असं म्हटलंय, त्यावर बोटीवरच्या नेटचा खर्च कुणी द्यायचा इथे गाडी अडलीय. मी वहीत नवं पान काढलंय, माणशी शंभर.

मशीन चालू केलं की स्क्रीनवर पाच प्रोफाइल येतात, धाकट्याने बनवलेली. चौघांच्या नावापुढे काही ना काही खेळलेलं आहे. पाचव्याला ओशन ड्राइव्हचा फोटो लावलाय, त्या औषधांच्या दुकानाचा.